चेनसॉच्या साखळीला हाताने धार: साधी कानस, गाइड, रोलर की टू-इन-वन?

प्रश्न दापोलीकडच्या एका बागायतदारांचा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात बाग आडवी झाली, तेव्हा त्यांनी चेनसॉ घेतली. १६ इंची बार (साखळी जिच्या कडेने फिरते ती पोलादी पट्टी), ३/८ इंच पिचची (कड्यांमधलं अंतर) लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांची साखळी. धार गेली की साखळी दुकानात जाते, तिथे ग्राइंडरवर फिरते आणि दर खेपेला दात इतका खाल्ला जातो की चार-पाच धारांत साखळी भंगारात. आता त्यांना घरीच हाताने धार लावायची आहे. बाजारात साधी गोल कानस आहे, पत्र्याचा गाइड आहे, रोलर गाइड आहे, टू-इन-वन आहे, बारवर आवळून बसवायचा सांगाडाही आहे. यातलं काय घ्यावं, आणि महाग साधन घेतलं की धार चांगली होते का?

मी आंब्याची जुनी, उंच गेलेली झाडं छाटायची आणि घरावर कललेली झाडं उतरवायची कामं घेतो. साखळी रोज हातात असते. तेव्हा उत्तर आधी देतो. रोजच्या धारेला तुमच्या साखळीच्या मापाचा रोलर गाइड घ्या, त्यात बसणारी ४ मिमीची गोल कानस, एक चपटी कानस आणि डेप्थ गेज, म्हणजे दातापुढचा उंचवटा, मोजायची पट्टी. एवढ्यावर तुमचं काम भागेल. टू-इन-वन वाईट नाही, पण ते कोणासाठी आहे ते पुढे सांगतो. बारवर बसणारा सांगाडा स्वतः विकत घेण्यापेक्षा ओळखीत कोणाकडे असेल तर वर्षातून एक-दोनदा मागून आणावा असा आहे.

ही साधनं दिसायला वेगवेगळी असली तरी त्यांच्यात खरा फरक एकच आहे. कानस दाताच्या खोबणीत किती उंचीवर चालते आणि ती उंची कोण सांभाळतं: तुमचा हात, की ते साधन? लोक कोनाची चिंता करतात. ३० अंश की २५, यावर वाद घालतात. पण कोन डोळ्याला दिसतो. चांगल्या साखळीच्या दातावर, माथ्याच्या मागच्या बाजूला, एक तिरकी रेघ कोरलेली असते. कानस त्या रेघेला समांतर धरली की कोन जमला. दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले तरी लाकूड तक्रार करत नाही, फक्त दोन्ही बाजूंचे कोन सारखे हवेत. उंची मात्र डोळ्याला दिसत नाही आणि चुकली की सगळं काम फुकट जातं.

नियम असा की कानशीच्या जाडीचा पाचवा हिस्सा दाताच्या माथ्याच्या वर राहिला पाहिजे. ४ मिमीच्या कानशीला हा पाचवा हिस्सा म्हणजे ०.८ मिमी. कानस यापेक्षा खाली दबली तर माथ्याखालची धार पातळ होते आणि दाताच्या बाजूची भिंत आत आकड्यासारखी वळते. असा दात पहिल्या दोन-चार कापांना फार गोड लागतो. मशीन लाकडात ओढून घेतं, माणूस खूश होतो. मग धार झपाट्याने बसते, साखळी अडकत-हिसकत चालते. उलट कानस वर राहिली तर भिंत मागे कलते, दात लाकडावरून घसरतो आणि मशीनवर रेटा द्यावा लागतो. बोट फिरवून पाहिलंत तर दोन्ही दात धारदारच लागतील. म्हणून नुसत्या बोटाच्या परीक्षेवर जाऊ नका. दात बाजूने, उजेडात धरून पाहा: भिंत सरळ उभी आहे, पुढे झुकली आहे की मागे?

दात असा का घडवला आहे, ते सांगण्यासाठी थोडं बाजूला जातो. पूर्वी चेनसॉच्या साखळीला हातकरवतीसारखे ओरखडणारे दात असत आणि त्यांना धार लावण्यात फार वेळ जाई. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये त्याने एका भुंग्याची अळी ओंडका पोखरताना बारकाईने पाहिली. अळीचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे, एक डावीकडून कापणारा, एक उजवीकडून. त्यावरून त्याने वाकलेल्या माथ्याचा, एकाआड एक डावा-उजवा दात बनवला आणि १९४७ मध्ये कंपनी काढली. ती अळी आपल्या आंब्याला लागणाऱ्या भिरुडाच्याच कुळातली. बागायतदाराला भिरुडाचा राग असतो, पण आपण सगळे त्याच्या चुलतभावाच्या जबड्याने लाकूड कापतो आहोत. मुद्दा असा की या दाताची खोबण गोल आहे, म्हणून कानस गोल लागते. गोल कानस एकाच चालीत माथ्याची खालची बाजू आणि उभी भिंत दोन्ही घासते. तिची जाडी आणि उंची बरोबर असली की बाकीचे कोन आपोआप येतात.

जाडी कोणती, हे दुकानदाराच्या आठवणीवर सोडू नका. साखळीवरच छापलेलं असतं. ओरेगन कंपनीच्या साखळीच्या ड्राइव्ह लिंकवर, म्हणजे बारच्या खाचेत फिरणाऱ्या कडीवर, ९१ असेल तर ती ३/८ लो प्रोफाइल, कानस ४ मिमी. २०, २१ किंवा २२ असेल तर ०.३२५ इंच पिच, कानस ४.८ मिमी. ७२, ७३, ७५ म्हणजे मोठी ३/८, कानस ५.५ मिमी. स्टिल कंपनीच्या साखळीत दातापुढच्या उंचवट्यावर आकडा असतो: ६ म्हणजे लो प्रोफाइल आणि ४ मिमी, २ म्हणजे ०.३२५ आणि ४.८ मिमी, ३ म्हणजे मोठी ३/८ आणि ५.२ मिमी. दुसऱ्या कोणत्या कंपनीची असेल तर खोक्यावर पाहा. नुसतं ‘३/८’ म्हणून कानस मागितली तर लो प्रोफाइलला ५.५ ची कानस गळ्यात पडते. ती खोबणीत नीट उतरतच नाही, वरच राहते, आणि मग ‘धार लावूनही कापत नाही’ म्हणून साखळीला नावं ठेवली जातात.

आता एकेका पद्धतीकडे वळू.

साधी गोल कानस, लाकडी मूठ, बाकी काही नाही. सराव असलेल्या माणसाच्या हातात याच्यासारखं काही नाही. खिशात मावते, झाडाखाली बसून पाच-सात मिनिटांत साखळी तयार होते, आणि दात कसा घासला जातो आहे हे हाताला थेट कळतं. मूठ थरथरली, कानस घसरली, बोथट झाली, सगळं समजतं. अडचण एकच, उंची पूर्णपणे तुमच्या हातावर. नवख्याचा हात नेहमी खाली दाबतो, कारण खाली दाबलं की कानस जास्त चावते आणि काम होतंय असं वाटतं. शिवाय उजव्या हाताने काम करणाऱ्याची एक बाजू जोरकस आणि दुसरी दुबळी असते. पाच-सहा धारांनंतर डावे दात आखूड, उजवे लांब, आणि कापा एका बाजूला वळायला लागतो. साध्या कानशीने धार लावायची तर दाब खाली नको, मागे हवा, म्हणजे कानस दाताच्या पोटाकडे रेटायची, बारकडे नाही. एवढी सवय लागली की निम्मं काम आलं. सुरुवात मात्र इथून करू नका. आधी गाइडवर योग्य आकार पाहून डोळ्याला ओळख होऊ द्या.

पत्र्याचा गाइड म्हणजे कानशीवर दोन स्क्रूंनी आवळलेली पोलादी पट्टी. तिच्यावर ३० अंशाच्या रेघा असतात. पट्टी दाताच्या माथ्यावर आणि पुढच्या डेप्थ गेजवर टेकते, त्यामुळे कानस ठरलेल्या उंचीखाली जात नाही. स्वस्त आहे, टिकतो, आणि दुकानात हेच एक साधन मिळालं तर बेलाशक घ्या. त्यात एक खोच आहे. पट्टीचा एक पाय डेप्थ गेजवर असतो. तो आधीच कोणी जास्त घासून खाली नेला असेल तर पट्टी पुढे कलते आणि कानशीचा कोन बिघडतो. दुकानातून बेढब होऊन आलेल्या साखळीवर म्हणून हा गाइड फसतो. नव्या साखळीपासून वापरला तर उत्तम चालतो.

रोलर गाइडमध्ये चौकट साखळीवरच खाचेत बसते आणि कानस दोन कडक रुळांवरून पुढे सरकते. कानशीची उंची रूळ धरतात, कोन चौकटीवरच्या बाणाने कळतो. तुमच्या हाताला फक्त पुढे ढकलायचं काम उरतं. नवख्या माणसाने पहिल्याच दिवशी बरी धार लावली असं मी याच साधनावर पाहिलं आहे. हुस्क्वार्ना कंपनीच्या संचात याच तुकड्यावर डेप्थ गेज मोजायची पट्टीही असते, मऊ आणि कठीण लाकडासाठी दोन खाचांची. मर्यादा अशी की तो एकाच जातीच्या साखळीचा असतो. लो प्रोफाइलचा गाइड ०.३२५ ला चालत नाही. घरात दोन मशीनं असतील तर दोन गाइड लागतील. आणि खिळ्यावर आपटून दाताचा कोपरा तुटला असेल, खूप घासायचं असेल, तर रोलरवर काम फार संथ होतं.

टू-इन-वनमध्ये एका चौकटीत दोन गोल कानशी आणि एक चपटी कानस असते. दात आणि डेप्थ गेज दोन्ही एकाच चालीत घासले जातात. ही रचना जर्मनीच्या फर्ड कंपनीची, स्टिलही आपल्या नावाने विकते. ज्याला डेप्थ गेजचा विसर पडतो, म्हणजे दहातल्या नऊ जणांना, त्यांच्यासाठी हे साधन वरदान आहे. साखळी आयुष्यभर समतोल राहते. मग मी ते पहिलं का सुचवत नाही? चौकट दाताला झाकते, त्यामुळे खाली काय घडतंय ते दिसत नाही. पुढे ढकलताना चौकट बारला समांतर आणि सपाट ठेवावी लागते. जरा डुगडुगली की दात आणि डेप्थ गेज दोन्ही एकदम बिघडतात. शिवाय चपट्या आणि गोल कानशींची झीज सारखी होत नाही. गोल कानस आधी बोथट होते आणि तिच्या मापाची सुटी कानस तालुक्याच्या गावात मिळतेच असं नाही. वर्षातून आठ-दहा दिवस मशीन चालवणाऱ्याला, ज्याला यातलं काही शिकायचं नाही, फक्त साखळी कापायला हवी आहे, त्याला मी हेच घ्यायला सांगतो. तुमच्यासारखा माणूस, ज्याची बाग आहे आणि मशीन दर महिन्याला निघतं, त्याने दात पाहायला शिकलेलं बरं.

बारवर आवळून बसवायचा सांगाडा, ज्याचा मूळ नमुना कॅलिफोर्नियातल्या ग्रॅनबर्ग कंपनीचा, तो कोन, उंची आणि दाताची लांबी, तिन्ही स्क्रूंनी पक्की करतो. एक छोटी कळ दाताच्या पाठीमागे अडते, त्यामुळे प्रत्येक दात नेमका एकाच लांबीवर घासला जातो. लांबीची काळजी बाकी कोणतंच साधन घेत नाही. दुकानातून विद्रूप होऊन आलेली साखळी पुन्हा रांगेत आणायची असेल तर हेच वापरावं. पण बसवायला वेळ लागतो, मळ्यात नेऊन उपयोग नाही, आणि स्वस्त ॲल्युमिनियमच्या नकलांमध्ये सांधे ढिले असतात. सांधा हलला की उंची गेली, म्हणजे ज्यासाठी पैसे दिले तेच गेलं. विकत घ्यायच्या आधी दांडा धरून हलवून पाहा. ओंडक्याच्या फळ्या काढण्यासाठी साखळीला १० अंशाचा कोन लागतो, तिथेही हा सांगाडा कामाचा. तुम्हाला तो विकत घ्यायची गरज दिसत नाही.

हातात धरायचं छोटं विजेचं यंत्र, बारीक दगड फिरणारं, यालाही लोक हातानेच लावलेली धार म्हणतात. त्याला एकच जागा आहे: दगडावर किंवा लोखंडावर आपटलेली साखळी. आमच्याकडे बांधावरच्या झाडांच्या पोटात कुंपणाच्या जुन्या तारा गेलेल्या असतात, आंब्यात खिळे निघतात. तिथे आपटून दाताचं टोक इतकं तापतं की पोलाद कडक होतं आणि कानस त्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरते. जोर लावलात तर कानशीचेच दात जातात. तो कडक पापुद्रा दगडाने हलक्या हाताने काढायचा आणि पुढे कानस घ्यायची. दगड झिजला की त्याची जाडी कमी होते, म्हणून तो वरचेवर मोजा. दात निळा पडला तर समजा जास्त झालं. तुमच्या दुकानातल्या ग्राइंडरचाही दोष बहुधा हाच असणार. मशीन वाईट नसतं, घाई वाईट असते. एकाच दाबात दात संपवायचा आणि पुढच्यावर जायचं, यात माथा जळतो. मग घरी कानस लावून पाहिली की ती चालत नाही आणि माणूस म्हणतो कानस खराब निघाली.

आता ज्या गोष्टीवर कोणी बोलत नाही ती, डेप्थ गेज. प्रत्येक दाताच्या पुढे एक उंचवटा असतो. दात लाकडात किती खोल उतरणार हे तो ठरवतो, रंध्याचं पातं तळातून किती बाहेर काढलं आहे तसं. तुमच्या साखळीत हा उंचवटा दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली हवा. दात घासत गेलात की तो मागे सरकतो आणि माथा मागच्या बाजूला उतरता असल्याने टोकही खाली येतं. उंचवटा मात्र तिथेच राहतो. चार-पाच धारांनंतर दात वस्तऱ्यासारखे आणि मशीन पीठ काढतं, ते यामुळे. तेव्हा लोक पुन्हा दात घासतात. साखळी निम्मी वाया जाते ती इथे, ग्राइंडरवर नव्हे.

मोजायच्या पट्ट्या दोन जातींच्या असतात. एक पट्टी दोन दातांच्या माथ्यांवर पुलासारखी टेकते आणि खाचेतून उंचवटा वर येतो, जेवढा वर आला तेवढा चपट्या कानशीने घासायचा. दुसरी एकाच दातावर टेकते, तिचं दुसरं टोक साखळीच्या कड्यांवर असतं. दुसरी मला पसंत आहे. दात आखूड होत जातो तसं टोक आणि उंचवटा यांतलं अंतर वाढतं, आणि तोच चावा राहायला उंचवटा किंचित जास्त खाली लागतो. ही पट्टी ते आपोआप सांभाळते. दुसरा फायदा असा की प्रत्येक दाताचा उंचवटा त्याच्याच दातावरून मोजला जातो. मग दात लांब-आखूड असले तरी चावा सारखा राहतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट सांगतो, जरी पुष्कळ कारागीर माझ्याशी सहमत होणार नाहीत. सगळे दात कॅलिपरने मोजून सारखे करण्याचा हट्ट सोडा. एखाद्या दाताचा कोपरा तुटला म्हणून बाकीचे सगळे दात त्याच्या लांबीवर आणायचे, म्हणजे चांगली साखळी आपल्याच हाताने म्हातारी करायची. तो दात बोथटच राहू द्या, पुढच्या चार-पाच धारांत तो रांगेत येईल. अर्धा मिलिमीटर फरक चालतो. चालत नाही ते हे: सगळे डावे लांब आणि सगळे उजवे आखूड. म्हणून दोन्ही बाजूंना सारखेच हात मारा, आणि ज्या बाजूला तुमचा हात दुबळा आहे ती बाजू आधी करा, दमायच्या आत.

डेप्थ गेज जास्त खाली नेऊ नका. ‘मशीन जोरात कापेल’ म्हणून कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. ०.६५ चं १ मिमी केलं की साखळी हिसके देते, क्लच आणि बार झिजतो, आणि टोकाकडून बार उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो. घासल्यावर उंचवट्याचा पुढचा कोपरा पुन्हा गोल करायला विसरू नका.

प्रत्यक्ष धार लावताना बार वाइसमध्ये किंवा ओंडक्यात ठोकायच्या छोट्या वाइसमध्ये पकडा, साखळी कापताना असते त्याहून जरा ताणा, म्हणजे दात डोलणार नाही. डोलणारा दात म्हणजे पुन्हा उंची गेली. हातमोजे घाला. जिथून सुरुवात करता त्या दातावर खडूची खूण करा. कानस आतून बाहेर, एकाच दिशेला. परत येताना उचलून आणा, घासत आणू नका. दोन-तीन हात मारले की कानस बोटांत थोडी फिरवा, म्हणजे ती एकाच बाजूने झिजत नाही. किती हात मारायचे? वेळेत धार लावलीत तर दोन ते चार पुरतात. माथ्याच्या कडेवर उजेड धरा. बोथट कड पांढऱ्या रेघेसारखी चमकते, धारदार कड चमकत नाही. रेघ नाहीशी झाली की थांबा. दाताच्या बाहेरच्या पृष्ठभागावर क्रोमचा पातळ थर असतो, धार खरी तोच टिकवतो. तुटलेला किंवा सोललेला क्रोम मागे राहिला तर दात दिसायला चांगला होईल आणि दोन ओंडक्यांत बसेल, म्हणून, वर सांगितलेला एखादा तुटका दात सोडला तर, तेवढं मात्र घासावंच लागतं.

धार कधी लावायची, याला घड्याळ नाही, भुसा पाहायचा. ओल्या लाकडातून आडवं कापताना ढलप्या पडायच्या बंद झाल्या आणि पीठ यायला लागलं, की मशीन बंद करा. तेल-पेट्रोल भरायला थांबलात की दोन-दोन हात मारून घ्या, ही सवय सगळ्यात स्वस्त. वाळक्या लाकडात पीठ तसंही पडतं, तिथे रेटा द्यावा लागतो का हे पाहा. आणि झाडाझाडाचा फरक ध्यानात ठेवा. सागात सिलिका असते, तो धार खातो. माडाच्या खोडाची बाहेरची कड तर दगडासारखी आणि आतला गाभा भुसभुशीत. वादळानंतर माड-पोफळी कापणाऱ्यांना हे चांगलंच कळलं. त्यात उन्मळून पडलेल्या झाडाच्या सालीत वाळू-माती बसलेली असते. कापण्याआधी तेवढ्या पट्ट्यावरची साल कोयत्याने तासून टाकली तर एक धार वाचते. फणस कापल्यावर चीक दातांना आणि कानशीला बसतो. रॉकेलने पुसून, तारेच्या ब्रशने कानस झाडा, नाहीतर ती भरून जाते आणि घसरायला लागते.

कानस ही संपणारी वस्तू आहे हे बऱ्याच जणांना मान्य नसतं. दोनशे रुपये वाचवायला जुनी कानस रेटत बसतात आणि हजाराची साखळी घालवतात. कानस चावायची बंद झाली, तिच्या अंगावर चकाकी आली, की ती फेका. कोकणातल्या पावसात ती सुटी ठेवली तर एका आठवड्यात गंजते. तेलाच्या फडक्यात, एकेक वेगळी गुंडाळून ठेवा, एकमेकींवर घासून त्यांचे दात जातात. मात्र वापरण्यापूर्वी तेल पुसा. तेलकट कानस दातावर चावत नाही. दात अर्ध्यापेक्षा आखूड झाले की मोठ्या साखळ्यांना एक माप बारीक कानस घ्यायची पद्धत आहे, ५.५ ऐवजी ५.२, ४.८ ऐवजी ४.५, कारण माथा खाली आलेला असतो आणि कानशीचा पाचवा हिस्सा वर राहायला हवा. तुमच्या लो प्रोफाइलला ४ मिमीच शेवटपर्यंत चालते. दाताची लांबी सगळ्यात आखूड जागी ४ मिमी उरली की साखळी काढून टाका, त्यापुढे दात उडण्याची भीती असते.

आणि एक. दात दोन्ही बाजूंचे सारखे, डेप्थ गेज बरोबर, तरी कापा वाकडा जात असेल तर कानशीला दोष देऊ नका. बार उतरवून त्याच्या खाचेच्या दोन्ही कडा पाहा. एक कड दुसरीपेक्षा खाली झिजली असेल किंवा खाच रुंद होऊन साखळी तिच्यात डावी-उजवी झुकत असेल, तर कितीही धार लावा, कापा वळणारच. कडा चपट्या कानशीने समपातळीत आणा, तेलाचं भोक तारेने मोकळं करा, आणि बार परत बसवताना उलटा करून बसवा. प्रत्येक धारेला बार असा उलटला तर कडा सारख्या झिजतात.